बंद खोलीतला अग्नी

कार्बन मोनॉक्साइड हा इंधन अपुऱ्या हवेत जळाल्यावर तयार होणारा विषारी वायू आहे. लाकूड, लोणारी कोळसा, रॉकेल, सिलिंडरमधला गॅस, पाइपने येणारा गॅस, होमातल्या समिधा, या सगळ्यांत कार्बन असतो. हवा भरपूर असली की जळताना त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड उरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. हवेपेक्षा तो अगदी किंचित हलका असल्याने ना जमिनीलगत साचतो ना छताशी. खोलीभर सारखा मिसळून जातो.

त्यापासून घर सांभाळण्याचे उपाय मोजके आणि सोपे आहेत. अवघड आहे तो त्याने उभा केलेला प्रश्न. जे कोणत्याच इंद्रियाला कळत नाही त्याच्याबद्दल गृहस्थाची जबाबदारी केव्हा सुरू होते, कळल्यावर की कळण्याआधी? आणि आपल्याला कळलेच नाही असे म्हणणारा माणूस निर्दोष ठरतो का? भारतीय दर्शनांनी आणि धर्मविचाराने हे दोन्ही प्रश्न वेगळ्या निमित्तांनी फार बारकाईने हाताळले आहेत. गिरगाव, परळ, लालबाग, दादरच्या ज्या घरांत एकाच खोलीत चूल, देव्हारा, मोरी आणि अंथरूण नांदले, त्या घरांच्या बाबतीत ही चर्चा पोथीपुरती राहत नाही.

आधी शरीराचे गणित. श्वासावाटे आत गेलेला हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट ओढीने चिकटतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. त्याच हवेत कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.१ टक्का असला आणि माणूस पुरेसा वेळ तिथे राहिला, तर रक्तातले जवळपास निम्मे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायच्या कामातून बाद होते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी हे बंधन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी स्वतः हा वायू हुंगून त्याची मापे घेतली आणि कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी न्यावेत अशी सूचना केली. एवढी उलथापालथ चालू असताना माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. श्वास लागण्याची जाणीव मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने आणि रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब उतरल्याने होते. इथे या दोन्ही गोष्टी जवळपास जागच्या जागी असतात. घटतो तो हिमोग्लोबिनने वाहून न्यायचा साठा, आणि तो मोजणारे काही शरीरात नाही.

लक्षणे दिसतात ती रोजच्या ओळखीची: डोके जड होणे, मळमळ, अंगात त्राण नसणे, चक्कर. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २०० भाग असले तर दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. १६०० भाग असले तर वीसेक मिनिटांत मळमळ आणि तासाभरात मृत्यू संभवतो. पित्त झाले, उपास सोसला नाही, उकाड्याने झाले, अशी कारणे घरोघरी तयारच असतात. खरी खूण एवढीच की एका खोलीतल्या सगळ्यांना एकदम तसेच होते आणि बाहेर गॅलरीत येऊन उभे राहिले की उतार पडतो.

मुंबईत हा वायू एके काळी चक्क नळाने घरात येत असे. शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. त्यासाठीचा गॅस बॉम्बे गॅस कंपनी दगडी कोळसा बंद भट्ट्यांत तापवून काढत असे. तिचा कारखाना लालबाग-परळ भागात होता आणि लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात तो अजून टिकून आहे. कोळशापासून काढलेल्या त्या गॅसमध्ये हायड्रोजन आणि मिथेनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही असे. म्हणजे गळती झाली तर स्फोटाइतकेच विषबाधेचेही भय. पण त्यात गंधकाची संयुगेही असल्याने त्याला उग्र दर्प होता आणि गळती नाकाला कळत असे. आज महानगर गॅसच्या पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन मोनॉक्साइड नसतो. तो वायू आणि सिलिंडरमधला गॅस मुळात जवळजवळ बिनवासाचे, म्हणून त्यांत मर्केप्टन जातीचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. गळतीचा वास येतो तो त्याचा. मात्र हाच गॅस पेटल्यावर वास घालवून बसतो, आणि अर्धवट जळाला तर जे विष तयार होते ते बिनवासाचे असते. विष बाहेरून येत होते तेव्हा त्याला वास होता. आता ते घरातच तयार होते आणि त्याला वास नाही.

चाळीतल्या बहुसंख्य घरांत मात्र नळाचा गॅस कधी आलाच नाही. तिथे शेगडी होती. गिरणी कामगारांच्या वस्तीत एका खोलीत एक कुटुंब आणि वर दोन-चार जेवणकरी, हा रिवाज होता. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ज्या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्या अशाच खोल्यांतून पाळीवर जाणाऱ्या माणसांचे डबे रांधत होत्या. शेगडी पेटवण्याची रीत ठरलेली होती. ती गॅलरीत किंवा जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायची, चिंधी आणि रॉकेलवर कोळसा धरवायचा, पुठ्ठ्याने वारा घालायचा. धूर निघून गेला, निखारे लालबुंद झाले, शेजारणीची कुरकुर थांबली, की मग ती उचलून आत आणायची. धुराचा त्रास टाळण्यासाठी ही रीत चोख होती. पण रसायनशास्त्र त्याच क्षणाकडे बोट दाखवते. धगधगत्या निखाऱ्यांच्या थरात तळाशी हवा मिळते, तिथे कार्बन डायऑक्साइड होतो; तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर नाचणारी फिकट निळी ज्योत ही त्याच वायूच्या जळण्याची असते. ती विझली आणि निखारे राखेखाली धुमसत राहिले की वायू न जळता खोलीत सुटतो. पावसाळ्यात ओले कपडे वाळवायला शेगडी तशीच ठेवून दार लावून घेतले, किंवा रात्रपाळी करून आलेला माणूस पोटमाळ्यावर झोपला, की धोका त्याच्या माथ्याशी येई. कारण तापलेली हवा वर चढते आणि वायूही तिच्याबरोबर जातो.

धूर गेला म्हणजे धोका गेला, हे अनुमान तर्काच्या कसोटीवर टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे भारतीय तर्कशास्त्राने आपल्या सर्वांत परिचित उदाहरणातच सांगून ठेवले आहे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा भेटतो तो डोंगरावरचा धूर. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. हे अनुमान निर्दोष मानले जाते. पण ते उलटे फिरवता येत नाही. जिथे अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीतून धूर निघायला ओले इंधन लागते. नैयायिक या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. उपाधी राहून गेली की दिसायला भक्कम असलेला नियम फसवा ठरतो. धूर नाही यावरून एवढेच सिद्ध होते की इंधन वाळलेले आहे. त्यातून निघणारी हवा श्वासाला योग्य आहे, हे त्यातून निघत नाही.

चाळीतल्या अनुभवाचेही तसेच आहे. "इतकी वर्षं शेगडी पेटतेय, कधी काही झालं नाही," हे वाक्य प्रामाणिक असते आणि तरीही अपुरे. त्यात उपाधी गाळलेली आहे: दार उघडे होते. चाळीतले दार दिवसभर उघडेच असे, वर झरोका असे, समोर गॅलरी असे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा एक हेतूच दाट वस्तीत वारा खेळवण्याचा होता. १९२० साली आलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडीच्या चाळींत खोली १६० चौरस फुटांची, पण दाराला लागून रुंद सामाईक वाट होती. काही झाले नाही ते शेगडी निरुपद्रवी होती म्हणून नव्हे. हवा खेळती होती म्हणून. दार बंद केल्याबरोबर जुना अनुभव साक्षीला येण्याचा हक्क गमावतो.

यापुढचा मुद्दा अधिक खोल आहे. एखादी गोष्ट जाणवली नाही, यावरून ती नाही असे म्हणता येते का? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळते. नैयायिक त्यासाठी वेगळे प्रमाण मानायला तयार नाहीत. त्यांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण एका अटीवर हे भांडखोर पक्ष एकत्र येतात: वस्तू दिसण्याजोगी असली आणि दिसण्याची सारी सामग्री हजर असली, तरच तिचे न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा. हिला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. धर्म आणि अधर्म इंद्रियांना दिसण्याजोगेच नाहीत, म्हणून त्यांचे न दिसणे काहीच सिद्ध करत नाही, हे उदाहरण धर्मराजाध्वरींद्रांच्या वेदान्तपरिभाषेत चर्चेला येते. मुंबईच्याच एल्फिन्स्टन कॉलेजशी संबंध असलेल्या भीमाचार्य झळकीकरांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेल्या न्यायकोशात अशा संज्ञा एकत्र सापडतात.

ही अट कार्बन मोनॉक्साइडला लावली की प्रश्न लख्ख होतो. हा वायू जाणवण्याजोगा नाहीच. तेव्हा "काही वास येत नाही" हे विधान सिलिंडरच्या गळतीबाबत पुरावा आहे, कारण त्या गॅसला मर्केप्टनने जाणवण्याजोगे केलेले आहे. पेटलेल्या गिझरबाबत ते काहीच सांगत नाही. एकच नाक, एकच वाक्य, पण एका ठिकाणी प्रमाण आणि दुसऱ्या ठिकाणी निव्वळ अज्ञान. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र घरात लावणे म्हणजे न जाणवणाऱ्याला जाणवण्याजोगे करणे. यंत्र चालू असेल, त्याची मुदत संपलेली नसेल आणि ते योग्य जागी असेल, तरच त्याची शांतता विश्वासार्ह ठरते. इथे एक घोटाळा नेहमी होतो. स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारे यंत्र बसवले की कार्बन मोनॉक्साइडचीही सोय झाली असे समजतात. ती दोन यंत्रे वेगळी आहेत.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची गोष्ट याहून बिकट. करोनाच्या साथीत तो घरोघरी आला. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेले हिमोग्लोबिन यांत फरक करता येत नाही. माणूस ग्लानीत असतो आणि आकडा ९८ दाखवतो. न्यायदर्शनात भ्रमाची उपपत्ती अशीच दिली आहे: समोर एक असते, ते दुसरेच म्हणून भासते, आणि भासताना पूर्ण खात्रीचे वाटते.

प्रत्यक्षाखेरीज काही मानू नये, असे मत चार्वाकांच्या नावावर त्यांच्या विरोधकांनी नोंदवले आहे. ते मान्य केले तरी इथे निभाव लागत नाही, कारण हा वायू जाणणाऱ्यालाच आधी गाठतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडू लागला की पहिला बळी निर्णयशक्तीचा जातो. खिडकी उघडावी हे सुचत नाही. सुचले तर पाय उचलत नाहीत. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला सप्टेंबर १९०२ मध्ये पॅरिसच्या घरी शयनगृहातल्या शेकोटीच्या वायूने गेले. धुराडे तुंबलेले होते. त्यांची पत्नी वाचली. तिच्या सांगण्याप्रमाणे रात्री दोघांनाही अस्वस्थ वाटत होते, पण पोट बिघडले असेल, नोकरांना उठवायला नको, असे झोलांचे म्हणणे पडले. बारीक निरीक्षणासाठी नावाजलेल्या लेखकाची ही गत. ज्ञानाची साधने ज्याच्या स्वाधीन तोच बिघडला, तर ऐनवेळचे ज्ञान कामाचे नाही. जी काही तजवीज करायची ती शुद्धीवर असताना, आदल्या दिवशी करावी लागते. म्हणून या बाबतीत कर्तव्य ज्ञानाच्या मागून येत नाही, पुढे चालते.

कर्तव्याचा हा विचार धर्मशास्त्राला परका नाही. मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थाने मोजली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ती वापरताना गृहस्थाच्या हातून नकळत जीव मरतात, आणि त्याच्या परिमार्जनासाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत. गिरगावात राहून ज्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला त्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही या पंचमहायज्ञांची सविस्तर मांडणी केली आहे. या कल्पनेत चूल पहिली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या अग्नीने घर जगते तोच नकळत मारतो, आणि नकळत झाले म्हणून हिशेब मिटत नाही. उलट नकळत होते म्हणूनच रोजचा नेम लावून घ्यायचा. मूळ विचार मुंग्या-किड्यांचा असला तरी आज त्याच चुलीशी घरातली माणसे उभी असताना हा नेम अधिकच लागू पडतो.

जैन विचार आणखी नेमका आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राण जाण्याला महत्त्व दिलेले नाही. प्रमादाने, म्हणजे बेफिकिरीने वागताना प्राण जाणे ही हिंसा मानली आहे. कुंदकुंदाचार्य याच्याही पुढे जातात: जपून चालणाऱ्याच्या पायाखाली जीव गेला तरी त्याला बंध नाही, आणि बेफिकीर चालणाऱ्याकडून जीव मेला नाही तरी तो हिंसेचा भागी आहे. इंग्लंडमध्ये १८७७ साली विल्यम क्लिफर्ड यांनी श्रद्धेच्या नीतीवरील निबंधात जवळपास हेच सांगितले. जुने गलबत न तपासता उतारू घेऊन सोडणारा मालक, गलबत सुखरूप पोहोचले तरी, तितकाच दोषी. हा निकष कठोर आहे आणि बरोबर आहे. न्हाणीघरातल्या गिझरने दहा वर्षांत कुणाला मारले नाही, म्हणून तो बसवणारा सुटत नाही. पाहायचे एवढेच की त्याने तपासले का.

परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ज्या धम्माचा स्वीकार केला त्यात अप्रमादाला, सावधपणाला, मोठे स्थान आहे. धम्मपदाचा एक वर्गच त्यावर आहे, आणि बुद्धाच्या अखेरच्या उपदेशातही तोच आग्रह आल्याचे परंपरा सांगते. या सावधपणात भीती नाही. भीती दिसलेल्या वस्तूची असते. सावधपणा न दिसलेल्या वस्तूसाठी असतो.

याच्या उलट उभे असते ते दैव. "काळ आला होता पण वेळ आली नव्हती" हे वाचलेल्याबद्दल म्हणतात, आणि न वाचलेल्याबद्दल "वेळच भरली होती". शोकात हे शब्द आधार देतात. तो हिरावून घेण्यात काही पुरुषार्थ नाही. पण घटनेच्या आधी तेच शब्द वापरले की ते आळसाचे पांघरूण होतात. प्रारब्ध मानणाऱ्या परंपरेनेही प्रयत्नाला कमी लेखलेले नाही. योगवासिष्ठ पौरुषाचा पक्ष घेते, आणि रामदासांनी दासबोधात यत्नाला जी थोरवी दिली आहे ती मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. खिडकी उघडी ठेवणे हा यत्न आहे. ती उघडी ठेवूनही काही घडले तर त्याला दैव म्हणता येईल. बंद ठेवून घडले त्याला म्हणता येत नाही.

प्रत्यक्षात पेच पडतो तो आचारात. बाळंतिणीला शेक-शेगडी, बाजेखाली निखारे, बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी, आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडक्या गच्च लावलेल्या. हा आचार कित्येक घरांत आजही मायेने पाळला जातो. तान्हे मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक श्वास घेते, त्यामुळे त्याच्या रक्तात हा वायू लवकर चढतो. गरोदरपणात तर गर्भाच्या रक्तातून तो आईच्या रक्तापेक्षा उशिरा उतरतो. सदाचार हे धर्माचे एक प्रमाण मानले आहे, म्हणून आजीच्या शब्दाला वजन आहे. पण आचाराचा हेतू ऊब हा आहे; बंद खोली हे त्याचे साधन. हेतू राखून साधन बदलणे म्हणजे आचार मोडणे नव्हे. शेक गरम पाण्याच्या पिशवीनेही देता येतो, आणि बाळाजवळ धूर नकोच, हे डॉक्टरांचे सांगणे आजीला समजावता येते. "आजी, शेक देऊ या, फक्त निखारे नकोत," एवढे म्हणायला सुनेला बळ लागते. ते घरातल्या इतरांनी तिला द्यायला हवे.

होमाबाबतही असेच. वास्तुशांतीला नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कुंड मांडतात, धुराने डोळे झोंबतात म्हणून खिडक्या आपोआप उघडल्या जातात आणि तोवर फारसे भय नसते. भय असते ते नंतर, जेव्हा पाहुणे जेवून गेले, खिडक्या लावल्या, वातानुकूलन यंत्र सुरू झाले आणि कुंडातले निखारे तसेच राहिले. अग्नीवर पाणी ओतणे बऱ्याच यजमानांना रुचत नाही, तो आपोआप शांत व्हावा अशी त्यांची भावना असते. ती मोडण्याची गरज नाही. पूर्णाहुतीनंतर अग्नीचे विसर्जन हा विधीचाच भाग आहे. त्यानंतर कुंड गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत नेऊन ठेवण्यात अग्नीचा अवमान होत नाही. गुरुजींनी निघताना तसे सांगितले तर यजमान ऐकतोच. गिरगावच्या अग्यारीत पुरोहित आपल्या श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून तोंडावर कापड बांधतात. अग्नीपाशी शिस्तीने वागणे हा जिथे धर्माचाच भाग आहे, तिथे आणखी एक शिस्त जड होऊ नये.

चाळी जाऊन टॉवर आले, खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे येऊ लागली, हे चांगलेच झाले. पण उघडे दार गेले. सरकत्या काचांच्या खिडक्या घट्ट बसतात, गॅलरी आत घेतलेली असते, न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. अशा न्हाणीघरात गॅस गिझर बसवला की एक साखळी सुरू होते: ज्योत खोलीतला ऑक्सिजन खाते, ऑक्सिजन उतरला की ज्वलन आणखी अर्धवट होते, अर्धवट झाले की विष वाढते, आणि आत अंघोळ करणाऱ्याने कडी लावलेली असते. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला होळी खेळून आलेले पती-पत्नी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले, तेव्हा गॅस गिझरच्या वायूचाच संशय व्यक्त झाला होता.

उपाय थोडक्यात असे. गॅस गिझर न्हाणीघरात नकोच. तो बाहेर, वारा खेळेल अशा जागी, जळालेला वायू नळीने उघड्यावर सोडेल असा हवा. डक्टमध्ये सोडलेला वायू वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरू शकतो, तेव्हा ही बाब एका घराची राहत नाही, सोसायटीची होते. एग्झॉस्ट पंखा लावला म्हणून निश्चिंत होऊ नये. हवा आत यायला वाट नसेल तर तो जळालेला वायू उलटा आत ओढू शकतो. बर्नरची ज्योत पिवळी पडली, भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर दुरुस्ती लांबवू नये. मात्र ज्योत निळी आहे म्हणजे सारे ठीक, असेही नाही. निखाऱ्यांची शेगडी, बार्बेक्यू, जनरेटर बंद जागेत पेटवू नयेत. सूचक यंत्र झोपायच्या खोलीत लावावे आणि पाच ते दहा वर्षांत, त्यावर दिलेल्या मुदतीप्रमाणे, बदलावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी घनमीटरला १५ मिनिटांकरिता १०० मिलिग्रॅम, तासाकरिता ३५ आणि आठ तासांकरिता १० अशी मर्यादा घातली. २०२१ मध्ये २४ तासांची मर्यादा ४ वर आणली. भाड्याच्या घरात ही तजवीज मालकाने करायची की भाडेकरूने, यावर वाद होतो. ज्याच्या हातात बदल करण्याचा अधिकार आहे त्याच्यावर भार अधिक, पण जो आत झोपतो त्याने वाट पाहत बसू नये.

कुणी आत पडलेले आढळले तर आधी दार-खिडक्या सताड उघडाव्यात, गॅस बंद करावा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ किंवा ११२ ला फोन करावा. वाचवायला गेलेलाच आत कोसळल्याच्या घटना घडतात, म्हणून श्वास रोखून, झटपट आणि शक्यतो दोघांनी जावे. रुग्णालयात पहिला उपचार ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. डॉक्टरांना "घरात गिझर चालू होता" किंवा "शेगडी होती" एवढे एक वाक्य सांगणे फार मोलाचे असते, कारण त्यावरून ते ऑक्सिमीटरच्या आकड्यावर न विसंबता रक्ताची वेगळी तपासणी करतात. शुद्धीवर आलेला माणूस बहुधा "मी बरा आहे" म्हणतो आणि घरी जायची घाई करतो. त्याचा तो शब्द खरा असेलच असे नाही. विस्मरण, चिडचिड, चालताना तोल जाणे ही लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी उमटू शकतात, आणि ज्याला होतात त्याला ती जाणवत नाहीत. त्या काळात त्याच्याबद्दलचे प्रमाण त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसांकडे असते. त्यांनी महिना-दीड महिना लक्ष ठेवावे आणि वागण्यात फरक दिसला तर त्याला पुन्हा डॉक्टरकडे न्यावे.